घर्षणाचा आहेर

गणित साधं आहे, नीट ऐका. पन्नास किलोचं एक लोखंडी कपाट फरशीवर उभं आहे. कपाट आणि फरशी यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक ०.४, गतिक घर्षण गुणांक ०.३. कपाटाला आडवा १०० न्यूटनचा रेटा दिला, तर घर्षण बल किती?

सोन्या, तुझी पेन्सिल लगेच चालायला लागली. काय लिहिलंस ते मी न बघता सांगतो. गुरुत्व त्वरण दहा धरलंस. पन्नास गुणिले दहा, म्हणजे कपाटाचं वजन ५०० न्यूटन. फरशीही कपाटाला तेवढ्याच जोरानं वर तोलून धरते, तेही बरोबर. मग त्या ५०० ला ०.४ नं गुणलंस, उत्तर आलं २०० न्यूटन, आणि खाली दोन रेघा मारून मोकळा झालास.

आता मला सांग, तू कपाटाला उजवीकडे १०० न्यूटननं ढकलतोयस आणि फरशी त्याला डावीकडे २०० न्यूटननं ढकलतेय. कपाट कुठं जाईल? डावीकडे! म्हणजे तू नुसता हात लावायचा अवकाश, कपाट तुझ्याच अंगावर चालून येणार. बबडे, हसू नकोस. मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं, आणि दरवर्षी निम्म्या वह्यांमध्ये हे चालणारं कपाट मला भेटायचं. मुलांना मी कधी रागावलो नाही, कारण दोष त्यांचा नसतोच. फळ्यावर ‘घर्षण बल बरोबर गुणांक गुणिले लंब बल’ असं ठसठशीत लिहून चौकट करून ठेवतात. त्यातला ‘बरोबर’ हा शब्दच गडबड करतो. थांबलेल्या वस्तूच्या बाबतीत तिथं ‘जास्तीत जास्त’ असं हवं. एवढी एक दुरुस्ती केली की निम्मा धडा झाला.

आपल्याकडे लग्नाच्या आहेराची वही असते ना, तुमची आजी अजून जपून ठेवते ती. अमक्यानं आपल्याला एकशे एक दिले, तर त्यांच्याकडच्या कार्याला आपण एकशे एक द्यायचे. कमी नाही, जास्त नाही. स्थितिक घर्षणाचा व्यवहार अगदी असाच असतो. तू ५० न्यूटन दिलेस, ते ५० परत करतं. तू १०० दिलेस, ते १०० परत करतं. तू काहीच दिलं नाहीस, तर तेही काही देत नाही. सपाट फरशीवर नुसत्या उभ्या असलेल्या कपाटावर घर्षण शून्य असतं. पण प्रत्येकाची ऐपत ठरलेली असते. आपल्या कपाटाची ऐपत २०० न्यूटन. १९९ पर्यंत हिशेब चोख चालतो आणि २०० च्या पुढे गेलास की मोडतो. तेव्हा गणिताचं उत्तर १०० न्यूटन. गुणाकार करून जो २०० आकडा आला, ती फक्त मर्यादा.

तेव्हा असल्या गणितात पहिला प्रश्न ‘घर्षण किती’ हा विचारायचाच नाही. ‘वस्तू हलतेय का’ हे आधी विचारायचं. हलत नसेल, तर घर्षण रेट्याइतकं. हलत असेल, तर मात्र सरळ गुणाकार, आणि तोही गतिक गुणांकाशी. ५०० गुणिले ०.३, म्हणजे १५०.

आता खरी मजा पुढे आहे. तू २१० न्यूटननं ढकललंस. मर्यादा ओलांडली, कपाट सुटलं. सुटल्याक्षणी विरोध २०० वरून १५० वर आला. तुझे २१०, फरशीचे १५०, उरले ६०. साठ भागिले पन्नास, म्हणजे १.२ चं त्वरण. कपाट एकदम पुढं जातं आणि ढकलणारा तोंडावर आपटतो तो यामुळेच. घर बदलताना हमालांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ‘हय्या’ म्हणून सगळे मिळून एकदाच जोर लावतात, आणि एकदा कपाट सरकलं की थांबू देत नाहीत.

का थांबू देत नाहीत? सांगतो. सरकत्या कपाटाला १५० न्यूटनचा रेटा देत राहिलास तर ते त्याच वेगानं सरकत राहील, कारण दोन्ही बाजू सारख्या. पण मध्येच कुणी ‘जरा थांबा, फुलदाणी उचलते’ म्हणालं आणि कपाट थांबलं, की तेच १५० न्यूटन लावून ते हलणार नाही. रेटा तोच, कपाट तेच, फरशी तीच. एकदा कपाट चालत होतं आणि आता चालत नाही. म्हणजे नुसता रेटा किती हे कळून पुरत नाही, क्षणापूर्वी वस्तू काय करत होती हेही कळावं लागतं. मला या साध्या गोष्टीचं अजून नवल वाटतं. दगडमातीला आठवण नसते असं आपण समजतो, आणि इथं लोखंडी कपाटाला आधीची स्थिती मोजावी लागते!

‘पण आजोबा, थांबलं की घर्षण वाढतं कशामुळे?’

बबडीचा प्रश्न चांगला आहे, आणि तो चारशे-पाचशे वर्षं चांगल्या चांगल्या डोक्यांना छळत होता. पुस्तकात चित्र असतं, दोन करवतींचे दात एकमेकांत अडकलेले. पृष्ठभाग खडबडीत, म्हणून घर्षण. चित्र सोपं आहे, पण त्यावर फार विसंबू नका. धातूचे दोन तुकडे आरशासारखे घासूनपुसून स्वच्छ केले आणि एकमेकांवर ठेवले, तर घर्षण कमी व्हायच्या ऐवजी ते कधी कधी इतके चिकटतात की ओढून निघत नाहीत.

विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर या दोघांनी याचा छडा लावला. आपल्याला वाटतं कपाटाचा अख्खा तळ फरशीला टेकलाय. प्रत्यक्षात दोन्ही पृष्ठभागांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांतल्या काही उंचवट्यांची टोकंच फक्त एकमेकांना भिडतात. खरा स्पर्श तळाच्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात होतो. सगळं वजन तेवढ्याच टोकांवर येतं. ती दबतात, चपटी होतात, आणि तिथं दोन पदार्थ चक्क एकमेकांना चिकटतात. हे सांधे तोडायला जो जोर लागतो, ते घर्षण. कपाट सरकत असताना जुने सांधे तुटतात, नवे जुळतात, पण नव्यांना घट्ट व्हायला फुरसत मिळत नाही. थांबलं की ती मिळते. टोकं सावकाश आणखी दबतात, सांधे पसरतात. म्हणून वर्षानुवर्षं न हललेलं कपाट काल हलवलेल्या कपाटापेक्षा जास्त हट्टी असतं.

यातून आणखी एक कोडं सुटतं. कपाट उभं सरकवा किंवा आडवं पाडून सरकवा, घर्षण जवळपास तेवढंच. आडवं पाडल्यावर तळ मोठा झाला, मग घर्षण का वाढलं नाही? कारण खरा स्पर्श तळाच्या आकारावर नाही, वजनावर ठरतो. लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस लाकडी ठोकळे ओढून हे पाहिलं होतं आणि वहीत चित्रं काढून ठेवली होती. पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत, जगाला कळलं नाही. पुढं १६९९ मध्ये फ्रान्सच्या गीयोम आमोंतोंनं तेच नियम पुन्हा शोधून अकादमीपुढे मांडले. हे आमोंतों लहानपणीच ठार बहिरे झाले होते. बाहेरच्या आवाजांनी काम मोडत नाही, असं ते म्हणायचे म्हणे.

थांबलेल्याचं घर्षण वेगळं आणि सरकत्याचं वेगळं, हे नीट दाखवलं लिओनार्ड ऑयलर यांनी, १७५० च्या सुमारास. ते तेव्हा बर्लिनमध्ये होते. त्यांची युक्ती इतकी सुंदर आहे की आत्ता करून बघूया. सोन्या, तो लाकडी पाट आण. त्यावर खोडरबर ठेव. एका बाजूनं पाट सावकाश उचल. आणखी. आणखी... थांब! सुटला की नाही? आता सांग, सुटल्यावर तो रमतगमत आला की सुसाट?

सुसाट. ऑयलर यांनी नेमकं हेच पकडलं. सुटण्याच्या आदल्या क्षणी खाली ओढणारा जोर आणि घर्षण सारखेच होते. पाट तू केसभर उचललास. घर्षण तेवढंच राहिलं असतं, तर खोडरबराला खाली ओढायला केसभरच जास्तीचा जोर मिळाला असता, आणि तो गोगलगायीसारखा निघाला असता. तो तर झपकन गेला. अर्थ एकच, सुटल्याबरोबर घर्षण घटलं. कसलं यंत्र नाही, काही नाही, नुसती फळी आणि विचार!

आणि या पाटावर गुणांकही मोजता येतो. वस्तू सुटते त्या क्षणी पाटाच्या वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची आणि जमिनीवरचं आडवं अंतर मोजा, उंचीला अंतरानं भागा. आला स्थितिक घर्षण गुणांक. खोडरबराचा मोजा, शिसपेन्सिलीचा मोजा, साबणाच्या वडीचा मोजा. एक किलोचा डबा ठेवा, मग त्यात आणखी एक किलो तांदूळ घाला. कोन बदलत नाही. वजन दुप्पट झालं, खाली ओढणारा जोर दुप्पट झाला, पण घर्षणाची मर्यादाही दुप्पट झाली. पुढे कूलोम यांनी, हो हो, ज्यांच्या नावानं तुम्ही विद्युतभार मोजता तेच, लष्करी अभियंता असताना असे ढीगभर प्रयोग केले आणि १७८१ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळवलं. लाकडावर लाकूड जितका वेळ टेकून राहील तितकं ते सुटायला जड जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. सांधे जुने झाले की घट्ट होतात, हे आपण आत्ता म्हणालो ना, तेच.

आता मी तुम्हाला पेचात टाकतो. सायकल रस्त्यावरून चालली आहे. टायर आणि रस्ता यांच्यात कुठलं घर्षण? स्थितिक की गतिक?

दोघंही एका सुरात ‘गतिक’! सायकल चालतेय म्हणून? मग एक काम करा. पावसाळ्यात ओल्या मातीतून सायकल गेल्यावर मागची खूण बघा. टायरवरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली असते. टायर मातीवर घासत गेलं असतं, तर नक्षी फासली गेली असती. म्हणजे चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तो टेकण्याच्या क्षणापुरता जमिनीवर स्थिर असतो. पुढच्या क्षणी तो उचलला जातो आणि शेजारचा भाग टेकतो. सायकल चालते, चाक फिरतं, पण जमिनीशी नातं स्थितिकच. आपण चालतो तेव्हाही तसंच. टेकलेलं पाऊल जागेवर असतं आणि जमीन आपल्याला पुढं ढकलते. घर्षण नेहमी आडवंच येतं असं म्हणणाऱ्यांनी शेवाळलेल्या अंगणात चालून बघावं.

हे एकदा ध्यानात आलं की बोरघाट वेगळाच दिसायला लागतो. तुमचे अण्णाआजोबा, माझे थोरले बंधू, घाटात इंजिनावर होते. त्यांच्या तोंडून मी जे ऐकलं त्यात पदार्थविज्ञानाचं एकही सूत्र नव्हतं, आणि सगळं पदार्थविज्ञान होतं.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते. उतारू बटाटेवडे घेतात, आणि तेवढ्या वेळात गाडीच्या मागं रेटा द्यायला बँकर इंजिनं जोडली जातात. घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा सगळ्यात कडक चढ सदतीसाला एक. ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. पाहायला तो चढ काहीच नाही, आपल्या गल्लीचा उतार जास्त असेल. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, हे ध्यानात घ्या.

हिशेब करू. सोयीसाठी गाडीचे डबे मिळून १,००० टन धरू, इंजिन १२० टन. एकूण १,१२०. त्याचा सदतिसावा भाग गाडीला मागं खेचतो, म्हणजे सुमारे ३० टनांचा जोर. वळणांचा आणि बाकीचा विरोध वेगळा. हा जोर लावायचा कुणी? डब्यांची चाकं नुसती फिरतात, ओढतात ती फक्त इंजिनाची चाकं. आणि त्यांनी कितीही जोर केला, तरी रूळ त्यांना परत देणार तो आपल्या ऐपतीपुरताच. कोरड्या रुळावर गुणांक ०.३ धरला तर १२० टनांवर मर्यादा ३६ टन. कसंबसं निभेल. रूळ ओला झाला, गुणांक ०.१५ वर आला, तर मर्यादा १८ टन. लागतात ३०. इंजिनात ताकद असली तरी ती रुळावर उतरत नाही, चाकं जागच्या जागी गरगरतात.

आता मागं तशीच दोन इंजिनं लावा. एकूण वजन १,३६०, मागं खेचणारा जोर ३७ टनांच्या आत. पण ओढणारी चाकं आता ३६० टनांखाली आहेत. ओल्या रुळावरसुद्धा मर्यादा ५४ टन. बँकर नुसती ताकद द्यायला येत नाहीत, तर वजन द्यायला येतात. इंजिन हलकं केलं तर बरं, असं विमानवाल्याला वाटेल. घाटातल्या माणसाला जड इंजिन हवं असतं.

आणि हे सगळं वजन टेकतं कुठं? सहा आसांच्या इंजिनाला बारा चाकं. एकेका चाकाचा रुळाशी स्पर्श रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान जागेत. तेवढ्या बारा ठिपक्यांवर अख्खं इंजिन उभं असतं आणि अख्खी गाडी चढवतं.

अण्णा सांगायचे, धो धो पावसाची भीती नसते, तो रूळ धुऊन टाकतो. भीती असते ती भुरभुर पावसाची आणि दवाची. रुळावरची धूळ, तेल, गंज यांचा त्यात लेप होतो. चाक घसरलं की आवाजावरून लगेच कळतं. तेव्हा काय करायचं, सोन्या? जास्त जोर?

नाही रे बाबा. चाक घसरलं म्हणजे स्थितिक घर्षण गेलं, गतिक आलं. विरोध कमी झाला, म्हणजे पकडही कमी झाली. अशा वेळी जोर वाढवला तर चाक आणखी वेगानं फिरतं, गाडी मात्र तिथंच. फार वेळ असं झालं तर एकाच जागी घासून रूळ झिजतो, त्याला खळगा पडतो. म्हणून नवखा जोर वाढवतो आणि जुना जाणता जोर कमी करतो. चाकाचा आणि रुळाचा वेग पुन्हा जुळू द्यायचा, पकड परत आली की हळूहळू जोर चढवायचा. शिवाय इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. चाकाच्या अगदी पुढ्यात नळीतून वाळू सोडायची. ती वाळू कोरडी आणि चाळलेली लागते, दमट वाळू नळीतच बसते आणि ऐन वेळी दगा देते. वाळवलेल्या वाळूची अण्णांना जेवढी काळजी असायची तेवढी आमच्या वहिनींना तांदळाचीसुद्धा नसेल.

घाटात पूर्वी विजेची जी इंजिनं चालायची, त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. त्यांची चाकं आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असायची. त्यामुळे एखादं चाक एकटं घसरू शकत नसे. घसरायचं तर एका दांडीनं जोडलेल्या सगळ्यांनी मिळून. तो आडदांड खेकडा दिसायला ओबडधोबड असला तरी त्याच्या दांड्यांमध्ये हा सगळा विचार होता.

गाडी थांबवतानाही हेच. मोटार सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगानं चालली आहे. चाकं फिरती ठेवून ब्रेक लावला आणि स्थितिक घर्षणाची ०.७ ची पूर्ण मर्यादा वापरता आली, तर ती साधारण २९ मीटरांत थांबते. चाकं जाम होऊन घसरत गेली आणि गुणांक ०.५ वर आला, तर ४० मीटर लागतात. एका बसच्या लांबीचा फरक! शिवाय घसरत्या गाडीला स्टिअरिंग कितीही फिरवा, ती वळत नाही. एबीएस नावाची यंत्रणा चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर सोडते, परत धरते, सेकंदाला कितीतरी वेळा. जोर कमी करणाऱ्या अण्णांचं डोकं तिथं एका डबीत बसवलंय. २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ती सक्तीची आहे. बबडे, तुझ्या आईच्या स्कूटरला ती नाही. पहिल्या पावसात पुढचा ब्रेक करकचून दाबू नकोस म्हणावं.

आता शेवटची गोष्ट, आणि ही माणसाच्या हातातली नाही.

फळ्यावर खडू कधी कधी किंचाळतो, अंगावर काटा येतो. तिथं होतं काय, तर खडू क्षणभर चिकटतो, बोटांचा जोर वाढत जातो, मर्यादा ओलांडली की सुटतो, विरोध घटला म्हणून झटक्यानं पुढं जातो, जोर संपला की परत चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा हेच. सारंगीची तारही गजाखाली अशीच चिकटते आणि सुटते, पण तिथं हात कलावंताचा असतो म्हणून आपण डोळे मिटून ऐकतो. चिकटा, ताण साठवा, सुटा, परत चिकटा. आता खडूच्या जागी डोंगराएवढे खडक ठेवा आणि सेकंदांच्या जागी शतकं.

जमिनीखाली खडकांत जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना पृथ्वीच्या पोटातले जोर विरुद्ध दिशांना रेटत असतात. वरच्या खडकांच्या वजनानं आणि आजूबाजूच्या दाबानं दोन्ही बाजू एकमेकींवर आवळलेल्या असतात, म्हणून घर्षणाची मर्यादा प्रचंड असते. रेटा वाढतो, घर्षणही वाढतं, हिशेब चोख चालू राहतो. वर आपण शेती करतो, घरं बांधतो, आणि खाली काही घडतंय याचा पत्ताही लागत नाही. एके दिवशी मर्यादा संपते. खडक सरकतो, सरकल्याबरोबर विरोध घटतो, आणि साठलेला ताण काही सेकंदांत मोकळा होतो. तो भूकंप. १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत खडक दाबून हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ भूकंपाशी जोडून दाखवला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयना हादरलं. ६.३ तीव्रतेचा भूकंप, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरात बहुतेक घरांची पडझड झाली. पुण्या-मुंबईपर्यंत लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते. दख्खनचं पठार म्हणजे हलणारच नाही, असा तोवर सगळ्यांचा समज होता. पण कोयनेचं धरण १९६२ मध्ये भरायला लागलं, तेव्हापासूनच तिथं लहान लहान धक्के बसत होते.

धरणाच्या पाण्यानं भूकंप कसा होईल? पाण्याच्या भारानं जमीन दबली म्हणून, असं बरेच जण सांगतात. भाराचाही काही वाटा असेल, पण मोठा वाटा वेगळ्याच गोष्टीचा मानला जातो, आणि तो तुम्हाला कपाटावरून समजेल. कपाटाला तू १७० न्यूटननं रेटतोयस. मर्यादा २००, कपाट हलत नाही. आता बबडीनं छताला दोरी टांगून कपाट किंचित वर ओढून धरलं, १०० न्यूटननं. कपाटाचा फरशीवरचा भार राहिला ४००. मर्यादा झाली १६०. तू काहीच वेगळं केलं नाहीस, तुझे १७० तेच आहेत, पण कपाट सुटलं. सुटल्यावर विरोध १२० वर आला, म्हणून सुटलं तेही वेगानं.

पाणी भेगेत शिरून बबडीचं काम करतं. जलाशयातलं पाणी झिरपत खोल जातं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो, तो दाब खडकांच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून लोटतो. आवळ कमी होते, मर्यादा खाली येते. पाण्यानं ताण निर्माण केला नाही. तो आधीच काठोकाठ साठलेला होता. पाण्यानं फक्त त्याला धरून ठेवणारी मूठ सैल केली. पाण्याला इतकं खोल मुरायला वेळ लागतो, हेही त्यात आलं.

आणि एकदा सरकून काम संपत नाही. खडक पुन्हा चिकटतात, सांधे पुन्हा जुने होत जातात, ताण पुन्हा साठतो. कोयना-वारणेच्या साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद पट्ट्यात १९६७ नंतरही धक्के बसतच आले आहेत. ५ तीव्रतेच्या वरचेच वीसहून जास्त झाले. इतक्या लहान जागेत, इतकी वर्षं सतत धरणाशी जोडलेले भूकंप होत राहावेत, असं ठिकाण जगात दुसरं सापडणं कठीण. म्हणून भूकंपवाल्यांना कोयनेचं मोल फार. त्यांनी तिथं जमिनीत भोक पाडायचं ठरवलं. २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून झालं. वरचा सव्वा किलोमीटर आपला ओळखीचा काळा पत्थर आणि त्याखाली कोट्यवधी वर्षं झाकलेला ग्रॅनाइट. भेगांत पाणी किती दाबाखाली आहे, खडक किती तापलेत, त्यांच्यावर ताण कुठल्या दिशेनं आहे, हे सगळं आता वरून अंदाज न करता आत जाऊन मोजायचं. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. भूकंप अमुक दिवशी होईल हे आज कुणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण मर्यादा किती आणि रेटा किती, हे दोन आकडे खोलवर जाऊन मोजत राहणं एवढं तरी करता येतं.

बबडे, दहावीनंतर विज्ञान घ्यायचं की नाही, असं तू परवा विचारत होतीस ना? कऱ्हाड इथून लांब नाही. असल्या कामाला माणसं लागतात, आणि ‘जास्तीत जास्त’ आणि ‘बरोबर’ यांतला फरक ज्यांना पक्का कळलाय अशीच लागतात.